नरवडे साहेबांच्या रॉडची चौकशी

गच्चीवरून आधी कडकन आवाज आला, मग बन्सीराव नरवड्यांची हाक आली, "लीला!" खाली भाकरी थापत असलेल्या लीलाबाईंचा हात थबकला. रॉड मोडला हे त्यांना न बघताच कळलं. पण हात काही रॉडपायी थबकला नव्हता. शनिवारी रूपा येणार होती, आणि आज गुरुवार होता.

आधी रॉडचं सांगायला हवं. रॉड म्हणजे मासे धरायची काठी. लीलाबाई तिला काठीच म्हणत आणि बन्सीराव दर वेळी दुरुस्ती करत, "काठी नव्हं, रॉड." त्यांची मुलगी रूपा पुण्याला नोकरीत. कंपनीनं तिला कामासाठी स्कॉटलंडला धाडलं होतं, तिथून तिनं हा बापासाठी आणला. रिटायर झाल्यावर बाप एकदा जेवताजेवता बोलून गेला होता की लहानपणी गोदावरीत गळ टाकायचो, ते राहूनच गेलं. एवढंच वाक्य, पण पोरीनं ते लक्षात ठेवलं. गर्द हिरवा, चार तुकडे एकात एक बसवले की दीड माणूस उंच होणारा, आणि हातात धरला तर वाळक्या काटकीसारखा हलका. त्याला गांडूळ लागत नाही की कणकेची गोळी लागत नाही. पिसांची एक खोटी माशी गळाला बांधायची, दोरी हवेत मागंपुढं खेळवायची आणि ती माशी पाण्यावर अलगद उतरवायची. मासा फसतो म्हणतात.

नरवडे साहेबांचा मासा अजून फसायचा होता, कारण ते अजून पाण्यावर गेलेच नव्हते. आधी हात बसला पाहिजे, मग पाणी, असा त्यांचा हिशेब. माशीच्या जागी लीलाबाईंच्या स्वेटरची लाल लोकर बांधून ते रोज सकाळी पडेगावच्या आपल्या गच्चीवर हवा झोडपत. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला एक परात ठेवलेली असे. लोकर परातीत पडली तर पास, बाहेर पडली तर रिजेक्ट. शेजारच्या वच्छलाबाईंना कितीतरी महिने वाटत होतं की साहेब कबुतरं हाकलतात.

पास आणि रिजेक्ट हे दोन शब्द त्यांच्या अंगात भिनलेले. वाळूजच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी तपासणी खात्यात काढली. गाड्यांचे सुटे भाग त्यांच्या टेबलावरून जायचे आणि केसाएवढा फरक दिसला की लाल फुली बसायची. मग समोर मॅनेजर असो की मॅनेजरचा मेहुणा. माणूस सचोटीचा, ह्यात वादच नाही. काही बिघडलं तर दोषी कसा शोधायचा हे त्यांना कारखान्यानं शिकवलं होतं. पाच वेळा 'का' विचारायचं. मशीन बंद पडलं, का? तेल संपलं. का संपलं? असं करत पाचव्या 'का'ला खरा गुन्हेगार हाती लागतो. सोबत माशाच्या सांगाड्याचं चित्र काढायचं. डोक्याच्या जागी नुकसान लिहायचं, आणि एकेका काट्यावर माणूस, यंत्र, माल, पद्धत. कारखान्यात ही फार चांगली गोष्ट होती. वाईट एवढंच की बन्सीराव ती जेवणाच्या डब्याबरोबर घरी घेऊन यायचे.

घरात कप फुटला. का फुटला? हातातून निसटला. का निसटला? साबण होता. साबण का होता? पाचव्या 'का'पर्यंत लीलाबाईंना वाटू लागे की आपण ह्या घरात आलोच का. बन्सीरावांनी कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही, शिवी तर सोडाच. नुसते शांतपणे विचारत राहायचे. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं, असं घरातल्या सगळ्यांचं मत होतं. त्यामुळे झालं काय, की घरच चोरटं झालं. काहीही फुटलं, सांडलं, हरवलं की साहेब कामावरून यायच्या आत त्याचा मागमूस उरायचा नाही. मुलगा सम्यक बारावीला नापास झाला होता, हे बापाला तो दुसऱ्या खेपेला पास झाल्यावर कळलं.

आता रूपाचं. हिवाळ्यात तिची सोयरीक जालन्याच्या अभयशी ठरली होती. बन्सीरावांनी मुलाची एवढी कसून तपासणी केली की मुलाचे वडील आप्पासाहेब शेवटी म्हणाले, "साहेब, जावाई बघायलात का मोटार?" पण अभय पास झाला, विहाराच्या हॉलमध्ये साखरपुडा झाला, सगळं गोड झालं. आणि गेल्या आठवड्यात रूपाचा आईला फोन आला की मी अभयला नाही म्हणून सांगितलं.

"अगं पण झालं काय?" लीलाबाई हादरून म्हणाल्या.

"आई, फोन उचलायला जरा उशीर झाला तरी त्याला कारण लागतं. कारण दिलं की कारणाचं कारण लागतं. मुलगा वाईट नाही गं. पण मी लहानपणापासून जबान्या देऊन दमले. आता जन्मभर त्याच द्यायच्या?"

लीलाबाईंनी फोन ठेवला आणि कॅलेंडरावर रविवार शोधला. रविवारी आप्पासाहेब लग्नाची तारीख धरायला फोन करणार होते. तोवर घरी काही बोलणार नाही, एवढं अभयनं कबूल केलं होतं. म्हणजे त्याच्या आत रूपानं येऊन बापाला सांगायचं. बाप पाच वेळा 'का' विचारणार, आणि त्यातल्या पाचव्याचं उत्तर काय निघणार हे लीलाबाईंना स्वच्छ दिसत होतं. पाचव्या 'का'ला बन्सीराव नरवडे स्वतःच निघणार होते. ते पोरीला तोंडानं बोलावं लागू नये, एवढीच त्या माऊलीची इच्छा होती. शनिवारी चिलापी माशाचं कालवण करायचं, माणसाला खुशीत ठेवायचं, असा बेत त्यांनी आखला होता. आणि नेमका गुरुवारी रॉड मोडला.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर सगळ्यांना गच्चीवर बोलावणं आलं. लीलाबाई आल्या, सम्यक आला, सून सुलेखा हात पुसत आली. फरशीवर खडूनं भलामोठा माशाचा सांगाडा काढून ठेवला होता. "ह्या रॉडनं धरलेला पहिला मासा," असं सम्यक कानात पुटपुटला आणि सुलेखाला खोकल्याचं सोंग करावं लागलं.

"रॉड मोडला," बन्सीराव म्हणाले. "का मोडला?"

"मालच खराब असंल, पप्पा. कंपनीची चूक," सम्यकनं वेळ न दवडता परदेशावर ढकललं.

"तपासू," म्हणत बन्सीरावांनी भिंग काढलं. चारही तुकडे चादरीवर मांडलेले होते. वरून दुसरा तुकडा मधोमध मोडला होता, तो त्यांनी बाजूला ठेवला आणि बाकीचे बघायला सुरुवात केली. मुठीजवळच्या जोडापाशी भिंग थांबलं. तिथं काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि पट्टीखाली गोंदाचा थर होता. भिंग पुढं सरकलं. दोरी ओवायच्या कड्यांपैकी एक कडं शिलाईच्या दोऱ्यानं बांधलेलं होतं. शेंड्याचा तुकडा दोन बोटं आखूड होता आणि त्याच्या टोकाला नखाला लावायचा रंग फासला होता.

बन्सीरावांचा चेहरा उतरला. "हा रॉड आज मोडलाच नाय," ते हळू आवाजात म्हणाले. "हा मागंच मोडलाय. लई वेळा मोडलाय. आन् मला न सांगता जोडलाय."

खाली कुकरची शिट्टी झाली तसे तिघंही गॅस बंद करायला एकदम उठले.

"बसा," बन्सीराव म्हणाले.

लीलाबाईंनी मनाशी विचार केला. दोषी सापडेपर्यंत हा माणूस काही थांबायचा नाही, मग आत्ताच सापडून जावं. शनिवार तरी मोकळा मिळेल. त्या पदर सावरून म्हणाल्या, "मी मोडला. लिहा माझं नाव आन् मिटवा."

"कसा मोडला?"

"उन्हाळ्यात शेवया केल्या तवा. वाळत घालायची बांबूची काठी आखूड पडली. मंग ही दोन खुर्च्यांवर आडवी टाकली अन् शेवया लोंबत्या सोडल्या. बिचारी कमानीवानी वाकली. संध्याकाळी टिक् करून वाजली."

"शेवया किती ओल्या हुत्या?"

"मशीनीतनं काढल्या तशा टाकल्या."

बन्सीरावांनी जोड उलटसुलट करून पाहिला. "शेवयांचं वजन सगळ्या रॉडवर वाटून पडलं. त्यानं ह्यो जोड उकलला, हे मान्य. पण जोड अजून धरून हाय. काम बी बरं केलंस. आज मोडला तो तुकडा येगळा. त्याच्याशी तुझा संबंध नाय. नामंजूर."

"अहो, मी कबूल करायलेय तरी नामंजूर?"

"कबुलीनं काय हुतंय? पुरावा लागतो."

सासूची ही गत बघून सुलेखाला वाईट वाटलं. "मामा, मी," ती म्हणाली. त्या भागातल्या रीतीनं ती सासऱ्यांना मामा म्हणते. "वच्छलाबाईंच्या शेवग्याच्या शेंगा आपल्याकडं लोंबायल्या हुत्या. हात पुरंना. मंग ह्यानं वढल्या. कडं फांदीत अडकून निघालं."

"म्हंजी परवाच्या आमटीतल्या शेंगा चोरीच्या हुत्या?"

"तुमी दोनदा मागून घेतल्या, मामा."

इथं एक नवीनच चौकशी फुटू पाहत होती, पण बन्सीरावांनी ती कशीबशी आवरली. कडं गेल्यानं काठी मोडत नाही. सुलेखाही नामंजूर झाली. उरला सम्यक. त्यानं कान खाजवत सांगितलं की मित्रांना दाखवायला रॉड तलावावर नेला होता, आणि गाडीचं दार लावताना शेंडा दारात राहिला. नखाचा रंग सुलेखाचा.

"दोन बोटं आखूड झाला आन् मला कळलं नाय?" बन्सीरावांना हे सगळ्यात जास्त लागलं.

"तुमची नजर परातीवर असती, पप्पा."

तर अशी त्या रॉडची कर्मकहाणी. स्कॉटलंडहून निघून तो शेवयांना भेटला, शेवग्याला भेटला, गाडीच्या दाराला भेटला. भेटायचा राहिला तो फक्त मासा. आणि एवढं सगळं उघडं होऊनही मोडलेल्या तुकड्याचा गुन्हेगार मिळालाच नाही. अंधार पडायला लागला तेव्हा बन्सीराव म्हणाले, "उद्या बसू. उद्या नाय मिळाला तर शनिवारी. रूपालाबी बसवू, तिची वस्तू हाय." ते ऐकून लीलाबाईंना रडू यायचंच बाकी राहिलं.

शुक्रवारी सकाळपासून बन्सीरावांनी गच्ची मोजली, कठड्याचे कोपरे हातानं चाचपले, वच्छलाबाईंना त्यांच्या मांजराबद्दल दोन प्रश्न विचारले. लीलाबाई हॉलमध्ये तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि डोक्यावरचा पंखा टक् टक् वाजत होता. तो कधीपासून वाजतो हे त्यांना ठाऊक होतं. मागं एकदा सगळे गारखेड्याला लग्नाला गेले होते आणि बन्सीराव एकटेच घरी राहिले होते. परत येऊन बघतात तर पंखा वाजतोय, एक पातं वाकलंय, आणि खाली फरशीवर हिरव्या रंगाचा टवका पडलाय. लीलाबाईंनी टवका केरात लोटला आणि तोंड बंद ठेवलं. ह्या घरात प्रश्न एकाच बाजूनं यायचे. उलट्या बाजूनं विचारायची वहिवाटच नव्हती.

त्यांनी सूप खाली ठेवलं. आत्ता बोललं तर माणूस बिथरेल आणि उद्या पोरीवर काढेल. न बोललं तर उद्या पोरगी ह्याच चौकशीत येऊन बसेल. त्यांनी हाक मारली, "अहो, जरा इकडं या. ह्यो पंखा का वाजतो?"

बन्सीराव आले, त्यांनी वर पाहिलं. "पातं वाकलंय."

"का वाकलं?"

"काय तरी लागलं असंल."

"काय?"

बन्सीरावांनी तोंडावरून हात फिरवला. "रॉड."

"घरात रॉड का फिरवला?"

"गच्चीवर लई ऊन हुतं," ते म्हणाले, आणि जबानी देणाऱ्याची घाई त्यांच्या आवाजात आली. "पन मी तपासला हुता, लीला. वरनं दुसऱ्या तुकड्याला लागलं, तेवढाच लगेच भिंग घेऊन बघितला. चीर दिसली नाय. म्हून पास केला."

"आमच्यापैकी कुणी पंख्यात घातला असता, तर केला असता का पास?"

झालं. सगळ्या संसारात लीलाबाई असं कधी बोलल्या नव्हत्या. त्यांनी पुन्हा सूप उचललं. बन्सीराव पंख्याकडे बघत उभे राहिले. मग वर गेले. थोड्या वेळानं सुलेखा सांगत आली की मामा ओल्या फडक्यानं गच्ची पुसायलेत, खडूचा मासा निघून गेला. दुपारी त्यांनी एकच भाकरी खाल्ली. लीलाबाईंना वाटलं, आपण त्यांच्या तोंडचा घास काढला, आणि तेही नेमकं उद्याच्या तोंडावर. त्यांनी स्वतःला मनातल्या मनात भरपूर बोलून घेतलं.

शनिवारी दुपारी रूपा आली. कालवण झालं, जेवणं झाली. रॉडबद्दल बन्सीराव एवढंच म्हणाले की मोडला, माझ्या हातून मोडला. रूपानं आईकडे पाहिलं. आपण बरोबर ऐकलं ना, असं तिला विचारायचं होतं. मग हात धुऊन ती बापासमोर येऊन बसली आणि घाईघाईनं बोलून मोकळी झाली, "पप्पा, मी अभयला नाही म्हणाले. मला हे लग्न करायचं नाही."

सम्यक आणि सुलेखा भांडी तशीच टाकून दारात आले. लीलाबाईंचा जीव टांगणीला लागला.

"का?" बन्सीराव म्हणाले. सवयच ती.

"तो सारखा का विचारतो, पप्पा."

पुढचा 'का' बन्सीरावांच्या ओठांवर आलेला सगळ्यांनी पाहिला. तो तिथंच राहिला. आयुष्यभर बिघाडामागचा बिघाड शोधलेला माणूस. ही साखळी कुठं जाऊन पोचते हे त्याला दोन कड्यांतच दिसलं असणार. ते उठले, चप्पल घातली आणि बाहेर चक्कर मारायला गेले. आले ते दिवेलागणीला. त्यानंतरही त्यांनी काही विचारलं नाही, आणि घरात त्या शांततेचीच सगळ्यांना धास्ती वाटत राहिली.

रविवारी सकाळी आप्पासाहेबांचा फोन आला. बन्सीरावांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो आणि जालन्याचा आवाज घरभर होतो.

"जयभीम साहेब! मंग कोणती तारीख धरायची?"

"जयभीम. आप्पासाहेब, तारीख नाय धरायची. हे लगीन हुणार नाय."

पलीकडे खुर्ची करकरली. मग, "का?"

बन्सीरावांनी फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"अहो, का ते सांगा! पोरात काय खोट हाय? आमचं काय चुकलं? काय तरी कारण असंलच का नाय?"

"पोरगं चांगलं हाय. तुमचं काय चुकलं नाय."

"मंग दोष कुणाचा धरायचा आमी? चार माणसांत साखरपुडा झाला. आता चार माणसांत सांगायचं काय?"

रूपा स्वयंपाकघराच्या दारात ओढणी बोटांना गुंडाळत उभी होती. तिच्याकडे न बघता बन्सीराव म्हणाले, "माझा धरा. सांगा, बाप लई खवट माणूस हाय, हर गोष्टीत खोट काढत बसतो, त्याच्यापायी मोडलं. पोरीचं नाव नका घेऊ. माझं नाव सांगा, कुणी बी इस्वास ठेवंल."

"ते तर ठेवतील," आप्पासाहेब रागातही खरं बोलून गेले, आणि फोन ठेवला.

लीलाबाईंना आधी वाटलं की हा माणूस जन्मात पहिल्यांदा खोटं बोलला, तेही पोरीसाठी. त्यांना भरून आलं. मग त्यांच्या ध्यानात आलं की ते खोटं बोललेच नव्हते. बन्सीराव फोन हातात धरून तसेच बसले होते, आता पुढं काय करतात हे माहीत नसलेल्या माणसासारखे. रूपा आली, त्यांच्या शेजारी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली, आणि कुणी काही विचारलेलं नसताना पहिल्यापासून सगळं सांगायला लागली.